आनंद झाला, तो इंग्रजीत किती लिहावा?



आम्ही काही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हेत. बी.कॉम. झालो, कारकून झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे कागदावर कागद लिहीत आहोत. घर पेणला, नोकरी रोह्याला. शनिवारी कचेरी सुटली की रोह्याकडच्या एका वस्तीतील विहारात मुलामुलींना अर्ज कसा लिहावा, पत्र कसे लिहावे, हे जमेल तसे शिकवतो. वस्तीतील मंडळींचे रेशनकार्डापासून जातपडताळणीपर्यंतचे कागदही त्याच वेळी पुढ्यात येतात. बहुतेक सगळे कागद दुःखाचे असतात. हे मिळाले नाही, ते नाकारले, अमुक रक्कम जमा झाली नाही. दुःखाचा कागद कसा लिहायचा हे आम्हाला झोपेतही येते. मध्यंतरी एका मुलीने आनंदाचा कागद आणला आणि आमची परीक्षाच झाली.

मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वडील धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते. एका धर्मादाय संस्थेने पहिल्या वर्षाची फी भरण्याचे मान्य केले आणि मुलीने स्वतःच्या शब्दांत इंग्रजीतून आभाराचे पत्र लिहून पाठवावे, असे कळविले. गुरुवारी संध्याकाळी ती रोहा स्टेशनवर धावतपळत आली. गाडी फलाटाला लागलीच होती. "काका, एवढं तपासून द्या. सोमवारी पाठवायचं आहे," म्हणाली आणि वहीचा कागद हातात देऊन गेली.

निडी येईपर्यंत आम्ही पत्र वाचून काढले. सात ओळींचे पत्र. आय एम व्हेरी व्हेरी हॅपी. आय एम टू मच हॅपी. माय मदर इज व्हेरी मच हॅपी. पुढे एक्स्ट्रीमली ग्रेटफुल, मग युवर गुडसेल्फ, आणि शेवटी मोस्ट ओबिडिएंटली. मधेच एक ओळ होती, द स्काय बिकेम शॉर्ट फॉर अस. दोनदा वाचली तेव्हा उलगडा झाला. आभाळ ठेंगणे झाले, असे तिला म्हणायचे होते.

आम्ही खिशातले लाल पेन काढले. नागोठण्यापर्यंत सगळे व्हेरी गेले. कासूला आभाळही खोडले. पेण आले तेव्हा कागदावर एक स्वच्छ, निर्दोष वाक्य उरले होते. त्याचा मराठीत अर्थ एवढाच, की आपल्या संस्थेचे अर्थसाहाय्य मंजूर झाल्याचे कळून समाधान वाटले. स्पेलिंगची चूक नाही, व्याकरणाची चूक नाही. आम्ही स्वतःवर खूश झालो.

शनिवारी विहारात मुलीच्या हातात कागद दिला. तिने वाचला. काही वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "काका, हे बरोबरच असेल. पण हे वाचून त्यांना वाटेल, मला काही झालंच नाही."

तिची आई दाराशी चप्पल काढत होती. तिने विचारले, "काय लिवलंय?" मुलीने मराठीत अर्थ सांगितला. आई म्हणाली, "अगं, त्या दिशी आपल्या घरात कोण जेवलं का नीट? ते न्हाई का लिवलं?"

वाचक बंधू-भगिनींनो, त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला आमचेच एक जुने पत्र आठवले.

नोकरीची पहिली दोन वर्षे आम्ही तात्पुरते होतो. ज्या दिवशी कायम झाल्याचा हुकूम हातात पडला त्या दिवशी भरभरून वाटले आणि आम्ही वरिष्ठांना इंग्रजीतून आभाराची चिठ्ठी लिहिली. त्यात लिहिले, आय एम टू हॅपी. आमच्या समजुतीप्रमाणे टू म्हणजे व्हेरीचा थोरला भाऊ. साहेबांनी ती चिठ्ठी सर्व टेबलांना ऐकू जाईल अशी वाचली आणि म्हणाले, "आनंद जरा जास्तच झालेला दिसतो. थोडा कमी करू का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. मग पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि बराच वेळ टाकीपाशी उभे राहिलो. त्या साहेबांच्या मनात काय होते, विनोद की आणखी काही, याचा निवाडा आज करण्यात अर्थ नाही. पण एक खरे, की त्यानंतर आम्ही इंग्रजीत कधीच आनंद लिहिला नाही. विथ रेफरन्स टु लिहिले, प्लीज फाइंड एन्क्लोज्ड लिहिले, आनंद मात्र लिहिला नाही. आणि गुरुवारी रोहा ते पेण या प्रवासात आम्ही त्या पोरीच्या पत्रात नेमके तेच केले होते. फरक एवढाच, की आम्ही हसलो नाही, लाल पेन वापरले.

तेव्हा रविवारी सकाळी पुन्हा बसलो. घरातल्या आयुष्मतींनी चहा ठेवला. आम्ही कपाटातून रेन आणि मार्टिन यांचे जुने व्याकरण काढले. आपल्यातील कित्येकांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि या पुस्तकावर इंग्रजी शिकले. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. आम्ही त्याआधीचे, पाचवीत ए बी सी डी गिरवणारे. त्या पिढीला इंग्रजी नियमांतून आले, कानातून आले नाही. आनंद किती झाला हे सांगणारे शब्द तर बरेचसे कानाचे असतात. म्हणून तेथेच आपली फसगत होते. जे समजले ते वर्गातील मुलांसाठी लिहून ठेवले. येथेही देतो, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट टू या शब्दाची. टू म्हणजे खूप नव्हे. टू म्हणजे प्रमाणाबाहेर, सोसणार नाही इतके. चहा टू हॉट असेल तर तो पिववत नाही. आनंदाला टू लावला की आनंदच अंगावर आल्यासारखे होते. याला एक अपवाद आहे. ओन्ली टू हॅपी टु हेल्प असे लिहिले तर त्याचा अर्थ, मदत करायला आम्ही अगदी खुशीने तयार आहोत. तेवढी जागा सोडून आनंदाच्या पत्रात टू नको. टू मच हॅपी तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट व्हेरी मचची. ही जोडी क्रियापदाजवळ शोभते. आय एन्जॉइड इट व्हेरी मच, थँक यू व्हेरी मच. हॅपी हे विशेषण. त्याला नुसता व्हेरी पुरतो. व्हेरी मच हॅपी हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण लेखी इंग्रजीत ते चालत नाही.

तिसरी गोष्ट आम्हालाही नवी होती. इंग्रजीत आनंदाचे शब्द पायऱ्यांनी आहेत. ग्लॅड, प्लीज्ड, हॅपी या खालच्या आणि मधल्या पायऱ्या. डिलाइटेड, ओव्हरजॉइड या वरच्या. खालच्या पायऱ्यांना व्हेरी लावता येतो. वरच्यांना तो सहसा लावत नाहीत, कारण तो शब्द आधीच काठापर्यंत भरलेला असतो. तेथे अब्सोल्यूटली डिलाइटेड म्हणतात. मुलांना हे समजावताना आम्हाला कुंडलिका उपयोगी पडली. पावसाळ्यात नदी "खूप भरली" असे आपण म्हणतो, पण "खूप तुडुंब भरली" असे म्हणत नाही. "अगदी तुडुंब" म्हणतो. खूप तो व्हेरी आणि अगदी तो अब्सोल्यूटली. हा भेद आपल्या आजीलाही ठाऊक होता, फक्त तिला कोणी व्याकरण म्हणून सांगितला नव्हता.

चौथी गोष्ट सो ची. आय एम सो हॅपी हे बोलण्यात आणि मैत्रिणीच्या पत्रात छान. औपचारिक पत्रात सो आला की वाचणारा वाट पाहतो, इतका आनंद की काय झाले? ते सांगायचे असेल तरच सो लिहावा.

आणि गंमत अशी, की ज्या इंग्रजांच्या भाषेला आपण इतके घाबरतो ते स्वतः टेरिब्ली हॅपी, ऑफुली ग्लॅड असेही म्हणतात. भीतीचे शब्द आनंदाला जोडतात. आपणही "भयंकर आनंद झाला" म्हणतोच की! आमच्या पेणच्या बाजूला "जाम खूश" म्हणतात. माणसाचा आनंद कोठलाही असो, तो साध्या मापात मावत नाही म्हणून तो हाताला लागेल ते माप उचलतो. व्हेरी व्हेरी लिहिणारी मुलगी काही अडाणी नव्हती. आपल्या भाषेत शब्द दोनदा म्हटला की जोर येतो, लाल लाल, खूप खूप. विहारात तर आपण साधु तीनदा म्हणतो आणि तिसऱ्या साधुला छप्पर दणाणते. तिने आपल्या भाषेची रीत इंग्रजीत नेली, एवढेच. पत्रात ती रीत पोरकट दिसते, म्हणून एक व्हेरी काढायचा. पण काढताना हसायचे नाही.

मग एक प्रश्न उरला. व्याकरणाने व्हेरी ताब्यात येतो. पण आई म्हणाली ते, "त्या दिशी आपल्या घरात कोण जेवलं का", ते कोणत्या शब्दाने येणार? एक्स्ट्रीमलीने? इमेन्सलीने? मुलीच्या भावाने मोबाईलला सांगून एक पत्र लिहवून घेतले होते. तेही आम्ही पाहिले. त्यात थ्रिल्ड होते, बियॉन्ड ग्रेटफुल होते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे वरच्या पायरीवर उभे. भाषा सफाईदार, पण ते पत्र कोणत्याही मुलीचे चालले असते. त्यात धाटाव नव्हते, चार घरची भांडी नव्हती.

अशा वेळी आम्ही बाबासाहेबांकडे जातो. त्यांच्यासारखे इंग्रजी लिहिणारे त्या काळी देशात मोजके होते. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा त्यांचा ग्रंथ १९४० च्या डिसेंबरात निघाला. तो त्यांनी माता रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आहे. रमाई १९३५ च्या २७ मे रोजी गेल्या. ती अर्पणपत्रिका घरी कोणाकडे असेल तर जरूर काढून वाचावी. येथे आनंद नाही, कृतज्ञता आहे. पण मोठी भावना इंग्रजीत कशी लिहावी याचा तो धडा आहे. त्यात व्हेरी नाही, एक्स्ट्रीमली नाही. रमाईंच्या अंगी कोणते गुण होते ते आहे आणि कोणी विचारत नव्हते त्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी कशी साथ दिली ते आहे. एकाच वाक्यात वणंदच्या त्या माउलीचा सगळा संसार उभा राहतो. किती, हे सांगण्याऐवजी काय, हे सांगितले आहे.

हीच गोष्ट आपल्या धम्मपरंपरेतही सापडते. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. त्यात पीति म्हणजे आनंदाचे पाच प्रकार सांगितले आहेत. खुद्दिका पीति, जिने अंगावर नुसता काटा येतो. खणिका, जी विजेसारखी लखलखून जाते. ओक्कन्तिका, जी किनाऱ्यावरच्या लाटांप्रमाणे पुन्हा पुन्हा अंगावर येते. उब्बेगा, जिने शरीर हलके होऊन उचलल्यासारखे होते. आणि फरणा, जी सर्वांगात भरून राहते. पाहा, थोडा, जास्त, फार जास्त, अशी ही मोजदाद नाही. माणसाचे काय झाले त्यावरून आनंदाची पायरी ठरवली आहे. आपली मराठीही हेच करते. जीव सुपाएवढा होतो, आनंदाच्या उकळ्या फुटतात, आभाळ ठेंगणे होते. मुलीने आभाळाची ओळ इंग्रजीत नेली, ती तेथे रुजली नाही. पण तिची दिशा बरोबर होती. खोडताना हे आमच्या ध्यानात यायला हवे होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली, तीही सांगतो. पत्रातले निम्मे जोरदार शब्द आनंदाचे नव्हतेच, वाकण्याचे होते. एक्स्ट्रीमली ग्रेटफुल, मोस्ट ओबिडिएंटली, युवर गुडसेल्फ. हे शब्द कोठून आले? इंग्रज अमदानीतील अर्जांतून. अर्जदार त्यात मोस्ट हंबली विनंती करायचा आणि खाली मोस्ट ओबिडिएंट सर्व्हंट म्हणून सही करायचा. इंग्रज अधिकारीसुद्धा एकमेकांना तशीच सही करीत, तो रिवाज होता. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी आपल्या लोकांना सैन्यात व पोलिसांत घ्यावे म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्या काळी दाद मागायची तर अर्जाचाच मार्ग होता, त्या पूर्वजांना आम्ही वंदन करतो. पण मग १९२७ च्या २० मार्चला याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. तो हक्क बजावणे होते. पुढे तळ्याचा दावा चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टातही निकाल आपल्याच बाजूने लागला. त्या जिल्ह्यातल्या मुलीने आज आभार मानताना मोस्ट ओबिडिएंटली का लिहावे? संस्थेने मदत केली, तिचे आभार मनापासून मानावेत. ती माणुसकी आहे. पण प्रवेश तिने स्वतःच्या गुणांवर मिळविला आहे. आनंदाबरोबर वाकलेली मान पाठवायची गरज नाही.

पुढच्या वेळी वर्गात आम्ही आधी तिची माफी मागितली. पत्र पाठवायला एक दिवसाचा उशीर होणार होता, तो आमच्यामुळे, हेही कबूल केले. मग लाल पेन तिच्याच हातात दिले आणि म्हटले, "तो दिवस मराठीत सांग." ती सांगू लागली. यादी लागल्याचे मोबाईलवर समजले तेव्हा आई कामावर होती. तिने पोरीला घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगितले. वडिलांना मात्र सांगता आले नाही, ते दुसऱ्या पाळीला होते आणि फोन आत नेऊ देत नाहीत. रात्री ते घरी आले तेव्हा सगळे जागे होते. त्यांनी ऐकले, डबा खाली ठेवला आणि धाकट्याला उठवून विचारले, "तुला ठाव हाय का रं, ताई नर्स व्हणार?" तो तर जागाच होता.

इतके ऐकल्यावर आम्ही काय सुधारणार? पत्र तिनेच लिहिले. सुरुवातीला आय एम व्हेरी हॅपी. एकच व्हेरी. पुढच्या चार वाक्यांत गल्ली, दुसरी पाळी, डबा आणि जागे असलेले घर. मग साधे थँक यू. "काका, खाली काय लिहू? ओबिडिएंटली?" आम्ही विचारले, "कोणाची आज्ञा पाळायची आहे?" ती हसली. तिने सिन्सिअरली लिहिले आणि आपले पूर्ण नाव घातले. एका ठिकाणी काळाची चूक राहिली होती. ती दाखवली, तिने दुरुस्त केली. बाकी कागदाला आमचा हात लागला नाही.

संस्थेकडून उत्तर आले ते छापील होते. पत्र मिळाले, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सगळ्यांना जातो तोच मजकूर. आईला थोडे वाईट वाटले. मुलीला वाटले नाही. तिने आपल्या पत्राची एक नक्कल काढून ठेवली आहे. "धाकटा मोठा झाला की त्याला वाचायला देईन," म्हणाली.

दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे याला आपण मुदिता म्हणतो, चार ब्रह्मविहारांतील ती एक. ज्याला आपला आनंद लिहिता येत नाही त्याच्या मदतीला आपण जातो तेव्हा ही मुदिता आपल्यापाशी असावी लागते, नुसते व्याकरण पुरत नाही. हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर एका मुलीने शिकवले. आपल्या घरातही कोणाला प्रवेश मिळेल, कोणी कायम होईल, कोणाचे घर होईल. तेव्हा त्या मुलामुलींना पत्र जरूर लिहू द्या. एक व्हेरी ठेवा, टू काढा, आणि त्या दिवशी घरात काय झाले ते लिहायला सांगा. चुका आपण नंतर दुरुस्त करू.

परवा आमच्या एका सहकाऱ्याला बढती मिळाली. आम्ही त्याला इंग्रजीतून दोन ओळींची चिठ्ठी लिहिली. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यात हॅपी लिहिले, आणि त्याच्या आधी एक व्हेरी.

नमो बुद्धाय, जय भीम.